तांदळात लिहिलेलं नाव

लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिलं, तेव्हा मला नुसता घाम फुटला होता. नाव माझ्या बहिणीनं निवडलेलं, माझं काम फक्त लिहायचं. अक्षरं वाकडीतिकडी आली, सगळे हसले, झालं. आठ वर्षांनी तेच नाव मला परदेशात नडलं.

त्याआधी सुप्याला एका कारखान्यात ठेकेदाराकडं वेल्डिंग करत होतो. दर काही महिन्यांनी ब्रेक म्हणून घरी बसवायचे, मग पुन्हा नवा गेटपास. वैतागलो आणि आखातात गेलो. तिथं तरी काय, तेच वेल्डिंग, फक्त ऊन जास्त. कंपनीनं आम्हाला बसमध्ये कोंबून बँकेत नेलं. अरबी कागदांवर जिथं बोट दाखवतील तिथं सही ठोकली, खातं उघडलं. कार्ड खिशात घालून खोलीवर आलो आणि आडवा झालो. आनंदबिनंद काही नाही, पाय दुखत होते.

घरी पैसे कुणाच्या खात्यावर टाकायचे, यावरून निघायच्या आधीच धुसफूस झाली होती. आईला वाटायचं, तिच्या खात्यावर यावेत. पण आईचा अंगठा, त्यात गुडघे गेलेले. दर महिन्याला जीपनं तिसगावला बँकेत कोण नेणार? बायको बारावी झालेली. म्हटलं, हिच्याच खात्यावर टाकतो. आई म्हणाली, "टाक बाबा. तुझं पैसं, तुझी बायकू." त्यातलं 'तुझी बायकू' पार विमानतळापर्यंत माझ्या कानात होतं.

पहिला पगार झाला. शुक्रवारी सुट्टी, म्हणून पैसे पाठवणाऱ्या दुकानात दीड तास रांगेत उभा राहिलो. खात्याचा नंबर बायकोनं फोनवर सांगितलेला, तो चिठ्ठीवर होता. काउंटरवरच्या केरळी माणसानं हिंदीत विचारलं, नाव काय? मी तांदळातलं नाव, मधे माझं, पुढं आमचं आडनाव, असं ठणकावून सांगितलं. पावतीचा फोटो काढून धाकट्या भावाला पाठवला, आईला दाखव म्हणून.

आठ दिवस झाले, बायको म्हणे पैसे आले नाहीत. पंधरा दिवस झाले, तरी तेच. मग आईचा फोन आला. "पावती तर हाय. मग पैसं गेलं कुटं? तिच्या भावाचं घराचं काम चालू हाय, म्हाईत हाय ना तुला?"

मी आईला तिथंच गप्प करायला पाहिजे होतं. नाही केलं. दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये भाजून निघालेलो, डोकं फिरलेलं. सरळ बायकोला फोन लावला आणि विचारलं, "खरं सांग, म्हाएरी दिलं का?"

ती भांडली नाही. नुसतं म्हणाली, "पासबुकाचा फोटो पाठविते," आणि फोन ठेवला.

फोटो आला. पैशाची नोंद नव्हतीच. पण वर जे नाव होतं ते बघून मी खाटेवर बसलो. तिचं माहेरचं नाव, मधे तिच्या वडलांचं, पुढं त्यांचं आडनाव. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेलं खातं. आधार कार्डसुद्धा त्याच नावाचं. लग्नातले तांदूळ कधीच शिजवून खाल्ले, कागद बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी तर धरूनच चाललो होतो की मी लिहिलं म्हणजे झालं.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा रांगेत. नाव जुळत नाही म्हणून पैसे कधीच दुकानाकडं परत आले होते. माझ्याकडं तेव्हा तिथलं सिम नव्हतं, घरी वायफायवरून बोलायचो, म्हणून दुकानात खोलीतल्या एकाचा नंबर दिलेला. मेसेज त्याला गेला आणि तो दुसऱ्या साईटवर. माहेरचं नाव लिहून पैसे पुन्हा पाठवले, दोन दिवसांत पोचले.

आईनं परत तो विषय काढला नाही. आमच्या घरात माफीबिफी कुणी मागत नाही. मी बायकोला फोनवर कसंबसं म्हणालो, "चुकलं माझं." ती म्हणाली, "असू द्या. जेवलाव का?" मला वाटलं, मिटलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांनी सुट्टीवर आलो. दुसऱ्या दिवशी बायको बँकेत निघाली, तर आईसुद्धा लुगडं बदलून, गुडघे दाबत ओट्यावर येऊन बसलेली. मी म्हणालो, "आईला कशाला वढतीस? एकटी जाऊन ये की."

"दर म्हैन्याला नेते," बायको म्हणाली. "पैसं त्यांच्या म्होरंच काढते. पासबुक बी त्यांच्याकडंच असतंय."

"अगं, आता कोण इचारतंय तुला?"

"तुमी इचारलं हुतं," ती म्हणाली, आणि आईला हात देऊन जीपमध्ये चढवायला लागली.