हकीमसाहेबानं दोनदा विचारलं होतं

त्या साली कापसाले सोन्याचा भाव आला. साता समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई पेटली अन् इकडं आमच्या मूर्तिजापुराकडची माणसं येडी झाली. मीही झालीच की! वेचाले बाया भेटत नव्हत्या, कापूस गळून मातीत पडून राहिला होता, अन् नेमकी तवाच सून पोट धरून पडली. चार दिवस पोट साफ नाही, अंगात बारीक ताप.

सुनेले दिवस गेले होते, दुसरा महिना. आमच्यात तिसरा सरल्याबिगर परक्याले सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणून.

मी बैलगाडीनं अकोल्याले हकीमसाहेबाकडं गेली. त्याइनं दोन पुड्या समोर ठेवल्या. "ही नरम, आठ दिवस लागतील. ही कडक, दोन दिवसांत उठून बसेल. पण बाई, सून पोटुशी असेल तर हिचा फायदा थोडा अन् नुकसान बहुत मोठं. मग ही देणं आमच्या धर्मात गुन्हा आहे. सुनेला दिवस तर नाहीत?"

"नाही."

त्याइनं पुन्हा विचारलं.

"अवो, सांगतलं ना नाही म्हणून!" मी खेकसली. दृष्टीचं भेव होतं, आता खोटं कायले बोलू? पण त्याहून जास्त वेचणीची घाई होती. आठ दिवस कोण थांबते!

घरी येऊन मीच सुनेले फुशारकीनं सांगतलं, हकीमानं खोदून खोदून विचारलं, पण म्या दाद नाही देली. तिनं मुकाट्यानं दवा घेतली. तिसऱ्या दिवशी गर्भ पडला.

महिन्याभरानं हकीमसाहेबाच्या कानावर गेलं. म्हातारा माणूस, एवढ्या दुरून गाडी करून आमच्या ओसरीवर आला. सुनेले म्हणाला, "बेटी, चूक माझी. मी नीट विचारलं नसेल. वय झालं, आठवत नाही. अल्ला मला जाब विचारेल." डोळे भरून आले होते त्याचे.

सून माह्याकडं पाहून राहिली.

"जाऊ द्या, हकीमसाहेब," मी म्हटलं, "माणूस चुकतेच." थू माह्या जिनगानीवर! म्या त्याले माफी देली.

सून पदर सावरत उठली अन् म्हाताऱ्याच्या पाया पडली.

त्यानंतर हकीमसाहेबानं बायांले दवा देणंच सोडलं. लेकी-सुना घेऊन अकोल्याले गेलेल्या गाड्या तशाच परत येत, आमच्या दारावरून. मी घरात जाऊन बसो.