मामींच्या अनुपस्थितीबाबत

आमच्या हिच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही सरळ वाक्य लिहिलं नाही, आणि बोलले तर त्याहून नाही. सुरक्षेचे अहवाल लिहिणाऱ्या एका सरकारी कचेरीत त्यांची सगळी नोकरी गेली. तिथला दंडक एकच, काहीही घडो, आपण अडकता कामा नये. आगाशीच्या जत्रेआधी त्यांनी लिहिलं होतं, "परिस्थिती शांत आहे, तथापि अनुचित प्रकार घडण्याची शक्यता नाकारता येत नाही." साहेबांनी वैतागून फोन केला, "अहो, बंदोबस्त पाठवू की नको?" मामा म्हणाले, "साहेब, अहवालात दोन्ही आलंय." साहेबांनी कपाळाला हात लावला आणि पुढे यथावकाश मामांना बढती मिळाली.

निवृत्त होऊन मामा उमेळ्याच्या वाडीत रमले, पण ती भाषा काही निवृत्त झाली नाही. शेजाऱ्यांची बकरी समोर उभी राहून पानवेल खात होती, तेव्हा मला म्हणाले, "अज्ञात चतुष्पादाकडून नुकसान झाल्याचे समजते." बकरी अजून चघळतच होती. मामींच्या हातच्या कालवणाला फार तर "समाधानकारक" असा शेरा मिळायचा. लग्नाआधी मामींना बघून आल्यावर घरच्यांनी पसंती विचारली, तर हे म्हणाले होते, "आक्षेपार्ह काही आढळून आले नाही." मामी हे सगळ्यांना हसत सांगायच्या. पण ते त्यांना लागलेलं होतं, हे मला कळायचं.

मग लेकीने नायगावला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला आणि आईवडिलांना कायमचं राहायला बोलावलं. मामा वाडी सोडायला तयार होईनात. शेवटी एकट्याच निघालेल्या मामींना पोचवायला मी रिक्षा घेऊन गेलो, तर त्या बॅग भरून ओटीवर बसलेल्या.

"हे बघा," त्या मामांना म्हणाल्या, "एकदा 'जाऊ नको' म्हणा. मी थांबते."

मामांनी घसा खाकरला. केळींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ऐन थंडीत त्यांना घाम फुटला होता.

"तुझ्या अनुपस्थितीत," ते म्हणाले, "या घरातील परिस्थिती नियंत्रणाबाहेर जाईल."

"जाण्याची शक्यता आहे, असंच ना?"

"नाही. जाईलच."

मामी बॅग उचलून आत गेल्या, आणि थोड्या वेळाने आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. मामा तिथेच खांबाला धरून उभे होते. त्या माणसाबद्दल मला इतकी माया त्याआधी कधी वाटली नव्हती.

रिकाम्या रिक्षातून मी घरी आलो. हिने दार उघडलं. तिला काहीतरी सांगावंसं फार वाटलं, पण मी इतकंच विचारलं, चहा आहे का.