बारीक अक्षरं

वर्ध्याच्या एका पतसंस्थेत मी कॉम्प्युटर सांभाळतो. जिल्हाभरातल्या शाखांमधल्या यंत्रांची सेटिंग्ज इथे बसून मीच ठरवत असे. मग आमची संस्था पुण्याच्या मोठ्या संस्थेत विलीन झाली. एका सकाळी मी नेहमीचा पासवर्ड टाकला, तर पडद्यावर आलं, 'आपल्याला हा अधिकार नाही.' चूक झाली असेल म्हणून पुण्याला फोन केला. चूक नव्हती. सगळ्या यंत्रांची सेटिंग्ज आता तिथून एकसारखी होणार होती.

त्याच आठवड्यात वडनेर शाखेतल्या ताईंचा फोन आला. त्या काउंटरवर बसायच्या. साखरेच्या आजारानं त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला होता, म्हणून मी त्यांच्या यंत्रावर अक्षरं मोठी करून दिली होती.

"भाऊ, अक्षरं बारीक झाली जी. मले काई दिसून नाई राह्यलं."

मी एस.टी.नं वडनेरला गेलो आणि अक्षरं मोठी केली. ताईंनी डब्यातली भाकर पुढे केली, आम्ही बोलत बसलो. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू होताच पुण्याची सेटिंग्ज उतरली आणि अक्षरं परत बारीक झाली.

"तुमीच तर करून देत होते ना? आता काऊन नाई?"

"माया हातात नाई राह्यलं ताई."

"मंग कोनाच्या हातात हाये?"

ते मलाही माहीत नव्हतं. पुण्यात रोज वेगळाच माणूस फोन उचलायचा. मी पुण्याच्या पोर्टलवर तक्रार टाकली, डॉक्टरांचा कागद जोडला, मोठा स्क्रीन मागितला. एका यंत्रासाठी नियम बदलता येत नाही, असं उत्तर आलं आणि तक्रारीपुढे 'निराकरण झाले' असं लिहून आलं. पुन्हा टाकली. पुन्हा तेच.

ताई स्क्रीनला नाक लावून काम करायच्या. रांग वाढायची, लोक कुरकुरायचे. एकदा एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले. संध्याकाळच्या आत ते दुरुस्त झालं, पण मॅनेजरनं त्यांना काउंटरवरून उठवून दाराजवळ बसवलं. आलेल्या माणसाला कोणत्या रांगेत उभं राहायचं ते सांगायचं, एवढंच काम. आयुष्यभर आकडेमोड केलेल्या बाईला ते सोसलं नाही. उन्हाळ्यात त्यांनी राजीनामा दिला.

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी वडनेरला गेलो होतो. निरोपाचा चहा झाला, मॅनेजर बरंच चांगलं बोलले. ताई बाहेर आल्या तेव्हा मी म्हटलं, "ताई, मले काईच करता नाई आलं."

"तुमी तरी काय करसान," त्या म्हणाल्या आणि पायरी चाचपत खाली उतरल्या.

मी अजून त्याच खोलीत बसतो. शाखांमधून फोन येतात, कोणाच्या यंत्रावर प्रिंटर दिसत नाही, कोणाचा मराठी कीबोर्ड गायब झालेला असतो. मी ऐकून घेतो, पोर्टलवर तक्रार टाकतो. हल्ली फोनही कमी झालेत. लोकांना कळून चुकलंय.