आजारपणाची रजा आणि कफीलची कॉफी

आखाती लढाईच्या त्या हिवाळ्यात सौदीतल्या अबकैकच्या आमच्या वर्कशॉपमध्ये आजारी पडायला जणू बंदीच होती. मी तिथे पाइपफिटर. माझा हर्निया इतका वाढला होता की साधा खोकला आला तरी पोट हातानं धरावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब ऑपरेशन करून घे, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. त्यांचा दाखला घेऊन मी मॅनेजरसमोर उभा राहिलो. तो आपलाच, हिंदुस्तानी. दाखल्याकडे ढुंकूनही न बघता म्हणाला, "मिसाइल गिरते ही सबका पेट दुखने लगता है. छुट्टी नहीं मिलेगी. काम पे नहीं आया तो नौकरी खलास."

माझं टाळकंच सणकलं. लढाईला भिऊन पळायचं असतं तर पहिला सायरन वाजला तेव्हाच नसतो का पळालो? पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी दम्मामच्या लेबर ऑफिसात गेलो. तिथला कारकून भला माणूस. म्हणाला, आजारपणाची रजा तुझा हक्क आहे, त्यापायी तुला कामावरून काढता येणार नाही; तक्रार कर, पण निकालाला वेळ लागेल. निकाल थांबेल हो, आतडं थांबतंय होय?

मग तिसऱ्या प्रहरची अस्रची नमाज पढून मी सरळ कफीलच्या, म्हणजे आमच्या अरब मालकाच्या, बैठकीत जाऊन बसलो. तिथे कुणालाही जाता येतं. कॉफी आली. मी तो चिमुकला पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला. वाळवंटातल्या बदू लोकांची ही जुनी रीत. पाहुण्यानं पेला असा ठेवला म्हणजे त्याला काही मागायचंय, आणि यजमान हो म्हणेपर्यंत तो घोट घेणार नाही. पाहुणा तसाच उठून गेला तर घराची अब्रू जाते. बैठकीतल्या सगळ्यांच्या नजरा पेल्याकडे वळल्या.

"बोल," कफील म्हणाला. मी सगळं सांगितलं.

"जा, ऑपरेशन करून घे. बरा झालास की कामाचं बघू. पी आता."

मी पेल्याला हात लावला नाही. "'बघू' चालणार नाही, शेख. रजा कायद्यानं माझी आहे. परत येईन तेव्हा माझी जागा मला पाहिजे. आणि उद्या दुसरा कुणी आजारी पडला, तर त्याच्यावर इथे येऊन बसायची पाळी येऊ नये."

त्याच्या कपाळाला आठी पडली. माझ्या पोटात कळा येत होत्या, तरी मी जागचा हललो नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं. शेवटी त्यानं फोन पुढे ओढला आणि सगळ्यांदेखत मॅनेजरला बजावलं: डॉक्टरचा दाखला आणील त्याला रजा द्यायची, कुणाच्या नोकरीला हात लावायचा नाही.

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "आता तरी पी."

इतकी वर्षं त्याच्या हुकमाची वाट मी बघत आलो होतो. त्या दिवशी मी पेला कधी उचलतो याची वाट तो बघत होता, आणि अभिमानानं सांगतो, मी मुळीच घाई केली नाही.