ओळंब्याची एकोणीस घरं

गवंड्याला सगळी आळी ओळंबा म्हणायची. भिंत केसभर कलली तरी त्याला लांबूनच कळायचं, आणि कळलं की त्याला गप्प राहवायचं नाही. जेवायला बोलावलं तरी आधी यजमानाच्या चौकटीला नावं ठेवून मगच पानावर बसणार. चाळीस वर्षांत त्याने आळीत एकोणीस घरं उभी केली, एकाही भिंतीला तडा नाही. स्वतः तो याची बढाई मारत नसे. दुसऱ्या कुणी मारली तर मात्र त्याला अडवतही नसे.

त्याची मुलगी आरोग्य केंद्रात नर्स. केंद्राने रेडॉन मोजायचं काम काढलं. जमिनीखालच्या खडकातून निघणारा हा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. फरशीतल्या फटींतून तो घरात शिरतो, बंद खोल्यांत साठतो आणि वर्षानुवर्षं छातीत जात राहिला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. मुलीने घरोघरी काडेपेटीएवढ्या मोजणीच्या डब्या वाटल्या, तीन महिने तळमजल्यावर मोकळ्या जागी ठेवायच्या म्हणून. दोघा-तिघांनी हरवायला नको म्हणून त्या कपाटात कुलूपबंद केल्या. तिथे तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

निकाल आले तेव्हा तिने आकडे दोनदा तपासले. सतरा घरांत वायू मर्यादेच्या वर, आणि त्यातली अकरा घरं बाबांच्या हातची.

कारण कागदावर नव्हतं, पण तिला ठाऊक होतं. फरशीतून वर येणाऱ्या पाइपाभोवती बाबा सिमेंट भरत नसत. बोटभर फट सोडायची आणि तिच्यात वाळू दाबायची, म्हणजे पुढे पाइप बदलताना फरशी फोडावी लागत नाही. ही त्यांची खास युक्ती, आणि घरी जेवताना ती हजार वेळा सांगून झालेली. वायू त्या वाळूतूनच वर येत होता. ती गप्प राहिली असती तर लोकांनी जमिनीला बोल लावला असता आणि म्हाताऱ्याचं नाव राहिलं असतं. पण मग फटीही राहिल्या असत्या.

"बाबा, ती पाइपाभोवतीची वाळू," ती म्हणाली. "तिथूनच येतोय."

त्याने कोपऱ्यातली थापी उचलून मांडीवर घेतली.

"तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"नसेल. पण इतकी वर्षं ती हवा घेतली कुणी? त्या घरांतल्या माणसांनीच ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तरीचा म्हातारा थापी घेऊन निघाला, आणि अकरा नाही, एकोणीसच्या एकोणीस घरांत गेला. प्रत्येक दारात आधी चूक सांगायची, मग गुडघे टेकून वाळू उकरायची. मास्तरीणबाईंच्या दारात त्याचा पाय अडखळला. त्यांचे यजमान फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले होते. ते सिगारेट ओढत, त्यामुळे नेमकं कशाने ते डॉक्टरही सांगू शकले नव्हते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पदराने डोळे टिपले आणि त्याला आत घेतलं.

नुसत्या फटी बुजवून भागलं नाही तिथे, आणि दुसऱ्यांनी बांधलेल्या उरलेल्या सहा घरांतही, केंद्राच्या इंजिनिअरने फरशीखालून छपरावर पाइप नेऊन वायू बाहेर ओढणारा पंखा बसवायला शिकवलं. ओळंबा नव्या पोरासारखा शिकला. मात्र इंजिनिअरने लावलेला पाइप तिरका आहे हे सांगायला चुकला नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी झाली. एकोणीसही घरं मर्यादेच्या आत, आणि ती सहाही. अहवालात 'कारण' असा रकाना होता. मुलीचा हात तिथे थबकला, तेव्हा म्हाताऱ्याने स्वतः सांगितलं, "लिही. फटी गवंड्याने सोडल्या, गवंड्यानेच बुजवल्या."

तिने लिहिलं. खाली तपासणाऱ्याचा हुद्दा विचारला होता. तिथे नर्स लिहायचं असतं. तिने ठळक अक्षरांत लिहिलं: गवंड्याची मुलगी.