शुद्ध केलेली चड्डी

चड्डी माझ्या तोंडावर आदळली. लोकरीची, आत बुडाखाली चामडं शिवलेली. ते चामडं इतकं ताठ वाळलं होतं की गालाला कड लागून ओरखडा उठला. इनामदारांच्या अंगणाच्या कडेला मी उभी होते. शेजारी बाप, हात जोडून. ओट्यावर इनामदार, आणि बाजल्यावर पालथे पडलेले धाकटे मालक, त्यांचा मुलगा. आदल्या दिवशी कराड ते उंब्रज पोरांची सायकल शर्यत झाली होती. मालक निम्म्या वाटेत उतरले. मांड्या सोलवटून निघाल्या होत्या.

"घे ती डोक्यावर," इनामदार म्हणाले. "आन् हुबी ऱ्हा. येणाऱ्याजाणाऱ्याला बघू दे तुजी कारागिरी."

घेतली. तेरा वर्षांची होते. गडीमाणसं हसली. आजही सांगताना कान तापतात.

झालं होतं ते असं. पुण्याच्या कुणा पाहुण्यानं धाकट्या मालकांना सांगितलं, शर्यतवाले आत मऊ चामडं लावलेली चड्डी घालतात, मग सीट टोचत नाही. शिंप्यानं चड्डी शिवली, पण चामड्याला हात लावेना. काम आम्हा चांभारांकडे आलं. बापाची नजर अधू, म्हणून टाका माझा. मालकांच्या अंगाला हात लावून माप घ्यायची सोय नव्हती. गड्यानं दोरीला मापाच्या गाठी मारून आणून दिली, त्या गाठींवर मी कोकराचं चामडं कापलं. बापानं ते तेल चोळून, खुंटीवर घासून फडक्यासारखं मऊ केलं होतं. शिवण मांडीला लागू नये म्हणून प्रत्येक गाठ मी बाहेरच्या अंगाला घेतली. मला ती चड्डी आवडली होती. खोटं कशाला सांगू?

पण ती आमच्या हातची. बाईसाहेबांनी, म्हणजे धाकट्या मालकांच्या आईनं, ती शुद्ध करून घेतली. तीनदा पाण्यातून काढली, वर गोमूत्र शिंपडलं आणि दिवसभर पत्र्यावर उन्हात टाकली. चामड्याचं लाकूड झालं. दुसऱ्या दिवशी तीच घालून मालक शर्यतीला गेले.

त्यांच्या मोलकरणीनं हे सगळं आम्हाला सांगितलं होतं. बापाला माहीत होतं. तरी तो म्हणत होता, "चुकी झाली, मालक. पोर हाय." आमचं खोपट त्यांच्या जागेत. पाणी त्यांच्या विहिरीचं, तेही कुणी वरून ओतलं तर. बाप कुठं जाणार होता? मी तरी कुठं जाणार होते?

"दुसरी शिवून देती ती," बाप म्हणाला. "आजच देती. व्हय गं?"

तोवर मी चड्डी डोक्यावर धरून उभी होते. पण माझ्या हातांचा शब्द त्यानं परस्पर देऊन टाकला, आणि माझ्या अंगाची आग झाली. मी चड्डी डोक्यावरून काढून खाली ठेवली.

"न्हाई शिवणार. आमी मऊ दिल्ती. तुमी धुऊन उनात टाकली, म्हणून कडक झाली. टाका सुटलाय का, हात लावून बघा."

कुणी हात लावला नाही. दारात उभ्या बाईसाहेब आत गेल्या.

बापानं तिथंच माझ्या थोबाडीत मारली. मी त्याला माफ केलं नाही, दोषही दिला नाही.

घरी दुसरी चड्डी तोच शिवायला बसला, अंदाजानं, बोटात सुई टोचून घेत. दोरा ओवून दे म्हणाला. तेवढंही मी केलं नाही.

"पाणी तोडतील गं आपलं," आई रडत म्हणाली.

तोडलं. आम्ही दीड कोसावरून नदीचं पाणी आणू लागलो. आईची कंबर धरली. महिन्याभरानं गडी निरोप घेऊन आला, की पोरीनं अंगणात येऊन पाया पडावं, मग पाणी मिळेल. आई माझ्याकडं बघत होती. बापही. दोघांनाही मी जावं असंच वाटत होतं.

मी दारातूनच गड्याला म्हणाले, "आमच्या हाताचा इटाळ हुतो न्हवं? मग ह्या हाताचं काम बी मागू नगा. आन् हे हात तुमच्या पायाला लागायचं न्हाईत. मरस्तवर न्हाईत. जा, सांग."

आणि हंडा उचलून मी नदीकडं निघाले.