पोटात नाव घातलेली गिटार

धोंडू नारकर लालबागला एका कारखान्यात पत्र्याचे डबे आणि कंदील करायचा. धोबीतलावच्या एका गोवेकर बँडवाल्याकडे त्यानं जुनी, मोडकी गिटार पाहिली. तिच्या पोटात पातळ पत्र्याची वाटी होती. तारा थरथरल्या की ती वाटी बोलायची. विजेशिवाय आवाज लांब जायचा. धोंडूनं सगळा पावसाळा घालवून तशीच एक केली. अंग सागाच्या फळ्यांचं, वाटी जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ताटाची, ठोकून ठोकून पापडासारखी केलेली.

वाजवणं मात्र त्याच्या नशिबी नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं कातरीनं कधीच आखूड केली होती. शेजारच्या खोलीतला लवू, गिरणीतला बदली कामगार, ती मांडीवर आडवी घेऊन सूत कातायच्या चातीचा लोखंडी तुकडा तारांवरून सरकवू लागला, आणि चाळ दारात येऊन उभी राहिली.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते. कर्ण्याला परवानगी नाकारली की लवूला बोलावणं यायचं. लोक म्हणत, लवूची गिटार. ती न्यायचा धोंडू. एकदा मंचापाशी कुणीतरी त्याला हटकलं, "बाजूला हो रे, लवूचं सामान येऊ दे." सामान त्याच्याच खांद्यावर होतं.

घरी त्यानं ताट बाजूला सारलं.

"एवढं जळता कशाला?" बायको सुभद्रा म्हणाली. "भांड्यावर घालतात तसं नाव घालून घ्या तिच्यावर."

ती चेष्टा करत होती. धोंडूनं ती चेष्टा धरून ठेवली. लाकडावरचं नाव कुणीही खरवडेल. म्हणून त्यानं वाटीच उचकटली आणि भांड्यांच्या दुकानात नाव घालणाऱ्यापुढे ठेवली. पूर्ण नाव, बापासकट, गावासकट. एरवी असला पातळ पत्रा, आवाज बिघडेल म्हणून, त्यानं कुणाला टोचू दिला नसता. त्या दिवशी तो टोच्याकडे भुकेल्यासारखा बघत राहिला.

काळाचौकीच्या मैदानात लवूनं तार छेडली आणि गिटार खरखरली. त्यानं खुंट्या पिळल्या. खरखर वाढली. मागे उभ्या धोंडूला घाम फुटला, आणि घामाखाली कुठेतरी बरंही वाटलं. आज लवूला हसतील.

लवू थांबला. मग खरखर दाबायची सोडून तो तिच्याच ठेक्यावर वाजवू लागला.

"गिरणीतले साचे चाललेत," पुढे बसलेला एक म्हातारा विणकर म्हणाला. मैदान डोलू लागलं.

धोंडूशेजारचा माणूस स्वतःशीच हसला. "काय आवाज काढलाय लवूनं. गिरणीच आणून ठेवली."

"तो माझ्या नावाचा आवाज आहे," धोंडू म्हणाला. "आत नाव घातलंय माझं. धोंडू राघो नारकर, मुक्काम..."

"अरे बाबा," तो माणूस त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "जरा लवूला ऐकू देशील का मला?"